मागचा फाळका

माळवाडी, बिद्रीजवळ
१२ डिसेंबर १९७४

मित्र मीरासाब यास केरबाचा रामराम.

पत्र बघून तुला वाटेल, केरबा गेला आणि पोरानं कार्ड धाडलं. तसं काही नाही. अक्षर माझंच आहे. पोटावर पाट ठेवून आडव्यानं लिहितोय, म्हणून ओळी उतरणीला लागल्यात. चौथीत गुरुजींनी आपल्या दोघांच्या अक्षरावर एकाच छडीत हात साफ केला होता, तेव्हा तू नावं ठेवू नकोस.

कामाचं लिहितो. तूच बांधून दिलेली आपली ट्रॉली पिराजी ड्रायव्हर सोमवारी कोल्हापुरात आणतोय. तिच्या हौद्याला चार कड्या मारून दे. यंदा ऊसतोडीची जी टोळी आलीय तिच्यात तान्ही पोरं आहेत. फडावर जाताना बाया पोरांना मांडीवर घेऊन ट्रॉलीत बसतात. ट्रॉलीला स्प्रिंगचे पाटे नाहीत, हे तुला मी सांगायला नको. खड्डा आला की पोरं किंचाळतात. परवा विठाबाई म्हणून एक जण आहे, तिनं हौद्याच्या बाजूच्या दोन फाळक्यांच्या मधे लुगड्याची झोळी बांधली आणि पोर त्यात टाकलं. मी सोप्यात खाटेवरून बघत होतो. आमच्या दारातल्या चरावर ट्रॉली दाणकन आपटली, बाया वीतभर उडाल्या, आणि झोळीतलं पोर झोपलेलंच. पोरांची सोय करावी असं मनात आलं. बाकी काही नाही.

माझी तब्येत आहे तशीच. उसानं भरलेल्या ट्रॉलीवरून दोर आवळताना पडलो त्याला आता दोन वर्षं होत आली. खुबा जुळला, पण वाकडा जुळला. काठी घेऊन परसापर्यंत जातो, पण बसलो की कळ मस्तकात जाते. बैलगाडी झाली, यष्टी झाली, जीप झाली. ट्रॉलीत गादी टाकूनही पाहिलं. वेशीपर्यंत जायच्या आत बोंबलत परत आलो.

शालनचं लग्न ठरलं. मुलगा हुपरीचा, घरात पैंजणांचं काम. लग्न त्यांच्याच दारात, २३ फेब्रुवारीला. मी जाणार नाही. कन्यादान माझा भाऊ जोतीराम करील. पोरीला तसं सांगून टाकलंय, उगाच चर्चा नको. तू आणि इमामबी वहिनी मात्र नक्की या.

कड्या पोरांसाठीच आहेत, पण जरा दणकट मार.

तुझा
केरबा


उद्यमनगर, कोल्हापूर
१९ डिसेंबर १९७४

केरबास मीरासाबचा सलाम.

टोळीच्या पोरांचा तुला कळवळा कधीपासून आला? गेल्या हंगामात याच पोरांनी हरभऱ्याचे डहाळे उपटले म्हणून तू खाटेवरून अख्खी आळी गोळा केली होतीस, असं पिराजी सांगतो. असो. माणूस पडला की शहाणा होतो म्हणायचं.

कड्या मारल्या. फाळक्यांच्या वरच्या अँगलला दोन इकडे, दोन तिकडे. कोपरे घासून गुळगुळीत केलेत, म्हणजे लुगडं कापणार नाही. सळई बारीक घेतली. तान्ह्या पोराचं वजन ते काय, त्यासाठी जाड लोखंड वापरणं म्हणजे मुंगीला दावं बांधणं झालं. तू दणकट म्हणालास ते मी कानाआड केलं. दणकट कशाला हवं ते मला कळतं.

आता दुसरं. ‘मी जाणार नाही’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. मग इमामबीला वाचून दाखवलं, तर तिची भाकरी तव्यावर करपली. म्हणाली, "शालन त्येंच्या पाठीवर बसून शाळंत जायाची. आन् लग्नाला बाप न्हाई?" खुबा तुझा आहे, कळ तुलाच येते, मी लांबून काय बोलणार? पण वाईट वाटलं ते लिहितो.

मीरासाब


माळवाडी
२ जानेवारी १९७५

मीरासाब,

तुझ्या कड्या कुचकामी. एकाच पोराला टाकलं आणि कडी सरळ झाली. पोर जरा अंगानं भरलेलं होतं, एवढंच. तीस वर्षं लोखंडात घालवलीस आणि एक पोर पेलेना? कडी जोडासकट कापून पिराजीबरोबर परत धाडतोय. नीट जाड सळईची मारून दे. किती जाड म्हणून विचारू नकोस. चांगली जाड.

केरबा


उद्यमनगर
९ जानेवारी १९७५

केरबा,

कडी माझ्यासमोर ऐरणीवर पडलीय आणि माझं डोकं तापलंय.

ही कडी पोरानं सरळ झालेली नाही. टोळीतली सगळी पोरं एकावर एक रचली असती तरी ती एवढी उघडली नसती. वेल्डिंगला चीर नाही, माझा जोड जागेवर आहे. नुसती सळई ताणली गेलीय. म्हणजे तुम्ही तिला भलतंच काहीतरी टांगलंत. डिझेलचं बॅरल? म्हशीचं रेडकू? पिराजीला विचारलं तर छताकडे बघत म्हणतो, "मला काय ठावं न्हाई. मालकास्नी इचारा." हा माणूस छताकडे बघायला लागला की खोटं बोलतो, हे तुला मला दोघांनाही माहीत आहे.

माझ्या कामाला कुचकामी म्हणालास ते मला झोंबलं. खरं काय टांगलंस ते लिही. नाहीतर माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस. तशी तुला चढता येतच नाही.

हे शेवटचं वाक्य रागात लिहून गेलं. खोडत नाही, कारण खोडलं तरी तू उजेडाला धरून वाचशील. पण मला तसं म्हणायचं नव्हतं.

मीरासाब


माळवाडी
१५ जानेवारी १९७५

मित्र मीरासाब,

मीच टांगून घेतलं होतं.

आता हसून घे. हसून झालं की पुढं वाच.

आमची घरची बायडाबाई रानात गेली होती, पोरगा बाळासो कारखान्यावर. पिराजी आणि टोळीतले दोन गडी, तिघांनी मला गादीसकट उचलून ट्रॉलीत चढवलं. बायडाबाईचं लुगडं दुहेरी करून झोळी केली. मी आत पडलो आणि पिराजीला म्हटलं, "चल, चरापातूर जाऊन ये." मीरासाब, पहिले दोन खड्डे गेले ते मला कळले नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा मी हललो आणि कळ आली नाही. वर नुसतं आभाळ सरकत होतं. मी पिराजीला ओरडून म्हणणार होतो की हुपरीपर्यंत असाच चल, तेवढ्यात तुझी कडी सुटली. खाली उसाचं वाडं पसरलं होतं म्हणून वाचलो. लागलं काही नाही. लुगडं मात्र फाटलं. ते शेळीनं खाल्लं असं मी सांगितलं, आणि आमच्या घरात शेळीच नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तुझ्याशी खोटं का बोललो ते सांगतो. मला लाज वाटली. पन्नाशी ओलांडलेला गडी, एकेकाळी डोक्यावर दोन मोळ्या घेऊन ट्रॉलीची शिडी चढणारा, त्यानं मित्राला लिहायचं कसं की मला तान्ह्या पोरासारखी झोळी बांधून दे? आणि हुपरीचे पावणे काय म्हणतील? नवरीचा बाप लुगड्यात घालून आणला!

पण मला जायचंय. त्या पोरीला मी सांगितलं की मला लग्नाबिग्नाची हौस नाही, जोतीराम करील सगळं. ती परसात भांडी घासायला बसली आणि एकच पातेलं किती वेळ घासत राहिली. मी आडवा पडून ऐकत होतो. मीरासाब, तिच्या हातावर पाणी मलाच सोडायचंय. दुसऱ्या कुणी सोडलेलं मला चालणार नाही. हे मी बायकोलाही बोललो नाही, तुला लिहितोय.

शालनला यातलं काही कळू द्यायचं नाही. जमलं नाही तर तिनं दुसऱ्यांदा रडायला नको.

माझं वजन सत्तर किलो धर. जास्तच धर.

केरबा


उद्यमनगर
२० जानेवारी १९७५

केरबा,

हसलो नाही. शेळीपाशी थोडा हसलो.

मूर्खा, पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर पहिल्याच खेपेला झालं असतं. पोराचं माप देऊन बापाचा सदरा शिवून मागितलास आणि वर शिंप्याला शिव्या दिल्यास. पुन्हा पडला असतास तर तो खुबा कुणी जुळवला असता?

आता ऐक. फाळक्याच्या अँगलवर तुझ्यासारखं धूड टांगायचं नाही. त्याला जाड पाइपाचे खांब लागतील, थेट तळाच्या लोखंडी चॅनलवर उभे. काल दुकानात दोन खांब उभे करून झोळी बांधली आणि मी स्वतः पडून पाहिलं. इमामबी जेवणाचा डबा घेऊन आली, मला बघून म्हणाली, "आता पाळणा हलवू काय?" तेव्हा लाजेचं म्हणशील तर तुझ्याआधी मी झोळीत पडून मोकळा झालोय, आणि अख्ख्या उद्यमनगरनं पाहिलंय.

अडचण वेगळीच आहे. झोळी ट्रॉलीत आडवी बांधली तर ट्रॅक्टरच्या प्रत्येक हिसक्याला तू पुढं-मागं हेलकावत फाळक्यावर आपटणार. शिवाय रुंदी तुला पुरत नाही, गुडघे हनुवटीला लागतील. म्हणजे लांबीत बांधायला हवी. माळवाडीहून हुपरी उगवतीला. डोकं पुढं ठेवलं तर पाय मावळतीकडे होतात. केरबा, ते मी माझ्या हातानं करणार नाही. मावळतीला काबा, तिकडे पाय करून आमच्यात कुणी झोपत नाही, आणि मी बांधलेल्या झोळीत तू झोपलास तरी ते माझ्याच खाती येईल. तुला चालत असेल, मला चालत नाही. तेव्हा डोकं मागं, पाय पुढं. कळव, म्हणजे कामाला लागतो.

मीरासाब


माळवाडी
२७ जानेवारी १९७५

मित्र मीरासाब,

तुझं पत्र बायडाबाईच्या हाती लागलं. तिला वाचता येत नाही, पण तिनं जोतीरामकडून वाचून घेतलं. शेळीचा निकाल त्याच दिवशी लागला. काय काय बोलली ते कागदावर मावणार नाही. बोलून झालं, मग चुलीपाशी जाऊन रडली, मग डोळे पुसून आली आणि पहिलं वाक्य काय म्हणाली? "पाय फुडं करून न्हेयाचं न्हाई."

मी म्हटलं, "का?"

"पाय फुडं करून कुणाला न्हेत्यात? लगीन हाय का काय हाय? डोस्कं फुडं पायजे."

"अगं, मग पाय मावळतीला येत्यात. मीरासाबला चालत न्हाई."

"मग आडवं बांधा."

"आडवं बांधलं तर म्या आपटतोय. आन् एका अंगाला पाय दक्षिणंला येत्यात."

"दक्षिणंला पाय? यमाच्या दारात?" असं म्हणून तिनं माझ्या तोंडावर हातच ठेवला.

तर आता हे असं आहे. तुला मावळत चालत नाही, हिला दक्षिण चालत नाही, पाय पुढं चालत नाहीत, आणि आडवं मला चालत नाही. जोतीराम म्हणतो, उभं बांधा. त्याला मी काठी दाखवली.

मला विचारशील तर कुठंही बांध. पण या बाईला नाराज करून मी निघालो तर वाटभर ती ट्रॉलीत माझ्या कानाशी बसणार आहे. काहीतरी तोड काढ. दिवस थोडे राहिलेत.

केरबा


उद्यमनगर
८ फेब्रुवारी १९७५

केरबा,

ट्रॉली पिराजीबरोबर धाडतोय. झोळी कोनाकोनी बांधलीय.

एक खांब पुढच्या डाव्या कोपऱ्यात, दुसरा मागच्या उजव्या कोपऱ्यात. डोकं मागच्या खांबाला, पाय पुढच्या. कोनाकोनी जागा सगळ्यात जास्त मिळते, पाय ताणून झोप. हिसका बसला तर अर्धा झोळीच खाते, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दोन्ही अंगांना दोर लावलेत, ते सैलसर बांध. पाय मावळतीला नाहीत, दक्षिणेलाही नाहीत. बायडावहिनींना सांग, पाय पुढंही नाहीत, तिरके आहेत. तिरक्याबद्दल त्यांच्याकडं काही नियम असेल तर मला कळवू नकोस. परत येताना डोकं-पाय बदल, खांब आहेत तिथंच राहतील.

झोळी इमामबीनं शिवलीय. तंबूचं जाड कापड, दुहेरी. कडेला तिनं तिच्या जुन्या साडीची हिरवी पट्टी लावलीय. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणाली, "लगनाला चाललेत ते, दवाखान्याला न्हवं."

पोरांच्या चार कड्याही परत बसवल्यात. त्या आता तरी पोरांसाठीच वापरा.

एक गोष्ट नीट ध्यानात धर. खांब आतल्या बाजूला ओढला जातो, म्हणून त्याला तिरपा टेकू लागतो. पुढच्या खांबाचा टेकू पुढच्या फाळक्याला आहे, तो फाळका पक्का आहे. मागच्या खांबाचा टेकू मात्र मागच्या फाळक्याला बोल्टानं जोडलाय, दुसरी जागा नव्हती. फाळका उघडायचा तर बोल्ट काढावा लागतो, आणि बोल्ट काढला की खांब नुसता तळावर उभा राहतो. म्हणून तू झोळीत असताना मागचा फाळका उघडायचा नाही. चढवताना, उतरवताना बाजूच्या फाळक्यावरून. बाळासोला, पिराजीला, सगळ्यांना सांगून ठेव.

लग्नाला यायचं माझं नक्की धरू नकोस. इमामबीला आठ दिवस ताप आहे आणि दुकानात मी एकटाच आहे. जमवतो.

मीरासाब


माळवाडी
२६ फेब्रुवारी १९७५

मित्र मीरासाब,

तू आला नाहीस. हे पहिलं लिहितो, म्हणजे मनातून निघून जाईल. वहिनींचा ताप उतरला का ते कळव.

आता ऐक. शालन आदल्या दिवशीच बायांबरोबर हळदीला हुपरीला गेली होती. आम्ही लग्नादिवशी सकाळी निघालो. मी झोळीत, बायडाबाई माझ्या कानाशी, बाकी वऱ्हाड खाली वाकळ अंथरून. निघताना एक गंमत झाली. आमच्या भाचीनं तिचं तान्हं आणलेलं, तिनं ते एकाच कडीला लुगड्याची दोन्ही टोकं बांधून झोळी करून टांगलं. तिचं बघून दुसरीनं टांगलं. विठाबाईला मी लग्नाचं आवतण दिलं होतं, तिनं तिचं टांगलं. चौथी कडी रिकामी दिसली म्हणून वेशीतून पळत आलेल्या एका बाईनं तिच्यात तिचं टाकलं. अशा चार लहान झोळ्या आणि एक थोरली, अशी ट्रॉली हुपरीच्या वाटेला लागली.

कळ आली नाही असं नाही. कागलच्या पुढं रस्ता उकरलाय, तिथं दोनदा दात आवळले. पण सोसली. मधे झोपलोसुद्धा. बायडाबाई म्हणते, घोरत होता, आणि पोरं उठतील म्हणून तिनं वहिनींच्या हिरव्या पट्टीनं माझं तोंड झाकलं.

हुपरीत शिरलो तेव्हा मी झोळीची कड तोंडावर ओढून घेतली. पावणे काय म्हणतील, हेच डोक्यात. पण पावण्यांना दिसल्या नुसत्या झोळ्या. बाया पुढं झाल्या, पोरं बघायला. "अगं बाई, किती ग्वाड! ह्यो कुनाचा?" म्हणत एकेक झोळी उघडायला लागल्या. शालनही मांडवातून आली, हळदीच्या अंगानं. पहिली झोळी बघितली, दुसरी बघितली. थोरल्या झोळीची कड तिनं खाली ओढली आणि आत मी.

"आबा?"

"व्हय. उशीर झाला काय?"

तिनं झोळीचा दोर धरला आणि गदागदा हलवला. "आदी का सांगितलं न्हाईसा? का सांगितलं न्हाईसा?" असंच म्हणत राहिली. मी म्हटलं, "रडू नगंस, हळद उतरंल." पण ती रडली आणि मीही रडलो. आडव्यानं रडलं की पाणी कानात जातं.

मग पिराजीनं ट्रॉली मागं घेत थेट मांडवाला लावली. कन्यादानाची वेळ आली तेव्हा अडचण झाली. मधे मागचा फाळका. मी हात खाली घालतोय, ती वर करतेय, पोचेना. भटजी खोळंबले. नवऱ्याचा बाप मोठ्यानं म्हणाला, "पावणं, फाळका पाडा की! पोरगीचा हात पोचंना झालाय." बाळासो माझ्याकडं बघायला लागला. तुझं सांगणं मला पाठ होतं. पण मी म्हटलं, "पाड."

बोल्ट काढला, फाळका पाडला. शालन पुढं आली, बायडाबाईनं कलशातून धार धरली, मी माझ्या हातानं तिच्या हातावर पाणी सोडलं. भटजींनी सगळं सावकाश म्हटलं. मीही घाई केली नाही. अक्षता पडेपर्यंत फाळका उघडाच होता. आणि काही झालं नाही, मीरासाब. खांब तसूभर हलला नाही. तू उगाच भिववतोस. एवढं पक्कं काम करतोस आणि त्याच्यावर तुझाच विश्वास नाही.

नवऱ्याच्या बापानं जाताना माझ्या झोळीला हात लावून विचारलं, "पावणं, ह्यो कुनी केला? आमचा म्हातारा चार वर्सं जाग्यावर हाय. वाडीला दत्ताच्या पायाशी जायाचं म्हणतोय." मी तुझं नाव सांगितलं, आणि आपलीच ट्रॉली देतो म्हणालो. या खेपेला खोटं बोलत नाही. म्हातारा आहे, पोर नाही. वजन माझ्यापेक्षा कमी आहे.

कळव.

केरबा


उद्यमनगर
४ मार्च १९७५

केरबा,

इमामबीचा ताप उतरला. झोळीच्या पट्टीनं तुझं घोरणं झाकलं हे ऐकून ती हसली, आणि आता बरी आहे असं मी धरतो.

तू लिहितोस, फाळका उघडला आणि काही झालं नाही. खरं आहे. काही झालं नाही.

त्या दिवशी सकाळी इमामबीनंच मला घरातून हाकललं. हुपरीची गाडी उशिरा मिळाली. स्टँडवरून मांडवाचा आवाज ऐकत आलो, तर लांबूनच मला दिसलं की बाळासो बोल्ट काढतोय. ओरडलो, पण तिथं वाजंत्री चालू होती. मी चपला टाकून पळालो. पोचलो तेव्हा फाळका पडला होता आणि खांब आत यायला लागला होता. मी ट्रॉलीच्या बाहेरच्या अंगाला होतो. चाकावर पाय दिला, वर चढलो, दोन्ही हातांनी खांब कवटाळला, त्याच्या टोकाला खांदा अडकवला आणि बाहेर रेलून राहिलो.

तुला मी दिसलो नाही, कारण झोळीत पडलेल्या माणसाला वर मांडव आणि समोर येणारं तोंड एवढंच दिसतं. तुझं तोंड शालनकडे होतं. ज्या खांबाला तुझं डोकं होतं, त्याच खांबामागं मी होतो. भटजींनी सगळं सावकाश म्हटलं, हे तू मला सांगायची गरज नाही. किती सावकाश म्हटलं ते माझ्या खांद्याला अजून आठवतंय.

बायडावहिनींनी मला पाहिलं. त्या ओरडणार होत्या. मी मानेनं नको म्हटलं, तशी त्यांनी धार धरली. तुला सांगितलं असतं तर तू पोरीकडे बघायचं सोडून खांबाकडे बघितलं असतंस. आणि मला शिव्या दिल्या असत्यास, लग्नाच्या मांडवात. फाळका लावून मी स्वतः बोल्ट आवळला आणि बाळासोला तोंड मिटायला लावलं. मग वहिनींनी मला मांडवामागं बसवून वाढलं. बुंदी चांगली होती. शालन पाया पडायला आली, तिला मी गप्प राहायला सांगितलं. दोघींनी अजून शब्द पाळलाय असं तुझ्या पत्रावरून दिसतं. तुझ्या घरातल्या बायका तुझ्यापेक्षा बरं गुपित ठेवतात.

तुला भेटलो नाही याचं वाईट वाटतं. पण तुझ्याभोवती पावणे होते, तू आडवा पडून मोठमोठ्यानं बोलत होतास, आणि दोन वर्षांत मी तुझा तो आवाज ऐकला नव्हता. तेवढा ऐकत जरा वेळ उभा राहिलो आणि शेवटची गाडी धरली.

पावण्यांच्या म्हाताऱ्याला वाडीला खुशाल ने. पण ट्रॉली आधी इकडे धाड. टेकू तळाच्या चॅनलला मारून देतो, म्हणजे फाळका मोकळा होईल. पिराजीबरोबर तूही झोळीत पडून ये. दुकानाला पायरी आहे, पण ट्रॉली आत येते, मी मापून पाहिलंय.

तोवर मागचा फाळका उघडायचा नाही. उघडायचाच झाला तर आधी मला कळव. दुसरा खांदा अजून चांगला आहे.

तुझा
मीरासाब